जहाजावरची पाठराखीण

॥ श्री ॥

खामगाव,
दि. ४ जानेवारी २०२५

ती. सौ. रुखमाताईस,
धाकट्या जयमालाचा शि. सा. न. वि. वि.

नव्या वर्षाचं तुझं पत्र येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी तुरीचं विचारलं आणि तू तुमच्या शिवमच्या सासूच्या गुडघ्यांचं सांगत बसलीस. शिवाय तुमच्या घरचा फोन भाऊजींच्या खिशात, आणि मी ओरडून बोलले की सगळी ओसरी ऐकते. आपल्या दोघींतलं दोघींतच राहायचं तर पोस्टाइतकं भरवशाचं कोणी नाही.

बातमी अशी की आमच्या निशिगंधाने जहाजाची तिकिटं काढलीच. पोरगी पुण्यात कमवायला लागल्यापासून आईबाबांना आणि मावशी-काकांना समुद्र दाखवायचा, असं घोकत होती. फेब्रुवारीत मुंबईहून निघायचं, गोवा, कोची करून परत मुंबई, चार रात्री. आपल्याला दोन खोल्या मिळाल्या आहेत, एकीला लागून एक, मध्ये दार. खिडकी मात्र नाही. या आतल्या खोल्या, म्हणून स्वस्त. मला खिडकीशी काय करायचंय? मी त्या मधल्या दारावर खूश आहे. रात्री दार उघडायचं, दोन्ही साडूंना एका खोलीत लोटायचं आणि दुसरीत तू नि मी. तिकडे ते एकमेकांचं घोरणं ऐकोत.

आता एक गंमत. काल कंपनीचा निरोप आला की खोली वरच्या दर्जाची हवी असेल तर बोली लावा. निशीने मला समजावून सांगितलं. गॅलरीवाल्या खोल्या आधी पुऱ्या भावाने विकतात. जहाज निघायचे दिवस जवळ आले आणि काही उरल्या, की आतल्या खोलीवाल्यांना म्हणतात, तुम्ही किती वर देता ते सांगा. मोबाइलवर एक काटा असतो, लाल म्हणजे बोली कमजोर, पिवळा म्हणजे बरी, हिरवा म्हणजे भक्कम. दुसऱ्याने किती लावली ते दिसत नाही. आणि आकडा माणशी असतो, म्हणजे नवराबायकोचा दुप्पट होतो, हे भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. बोली मंजूर झाली की पैसे कापले, मग माघार नाही. नवी खोली कोणत्या मजल्यावर, कोणत्या टोकाला, ती कंपनीची मर्जी.

यांचं सगळं आयुष्य कापसाच्या अडतीत गेलं. बोली हा शब्द ऐकला की यांचा हात आपोआप वर जातो. मी बजावून ठेवलं आहे की या खेपेला हात खिशात असू द्या.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव, कमी केलास तर मी दुसरबीडला येऊन भांडेन.

तुझी,
जया


॥ श्री ॥

दुसरबीड,
दि. १० जानेवारी २०२५

चि. सौ. जयास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिवमच्या सासूचे गुडघे बरे आहेत, तू विचारलं नव्हतंस तरी सांगते. तूर काढून झाली, ती तू विचारली होतीस.

मधल्या दाराचं वाचलं आणि मला एकदम आपलं उंद्रीचं माहेर सोडलं ते दिवस आठवले. लग्न होऊन मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा तू माझी पाठराखीण होतीस. परकर-पोलक्यातली एवढीशी पोर, पण तोरा असा की जणू मला सासरी पोचवायला फौजदार आलाय. सासूबाईंनी आपल्याला कोठीच्या खोलीत एका गोधडीवर निजवलं होतं. आबा तुला न्यायला आले, तू बैलगाडीत बसलीस, आणि त्यानंतर जया, आपण दोघीच अशा एका खोलीत कधी निजलो नाही. माहेरपणाला गेलो तर कुशीत लेकरं. लग्नाकार्यात गेलो तर चौदा बायका एका सतरंजीवर. विचार कर, माझे केस पांढरे झाले आणि तुझे तू रंगवतेस.

दुसरं म्हणजे माझ्या कानांचं. डावा कधीचा गेलाच आहे. उजवाही उतरतो आहे असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावलं की भांडी ऐकू येतात, माणसं येत नाहीत. म्हणून म्हणते, जहाजावर तू माझ्या उजव्या अंगाला निजायचं. ऐकू येतंय तोवर मला तुझ्याशी पोटभर बोलून घ्यायचं आहे. मला दुसरं काही नको. समुद्र दिसला तर दिसला. तुझ्या जानरावांना सांग, खोलीला खिडकी नसली तरी चालेल, दार मात्र हवं.

इकडे यांचं काहीतरी चाललं आहे. काल गोठ्यामागे जाऊन निशिगंधाशी हळू आवाजात फोनवर बोलत होते. हळू बोलले तर मला काय कळणार, पण उठून गोठ्यामागे गेले म्हणून संशय आला. विचारलं तर म्हणे, काही नाही, तुरीचा भाव पुसून राह्यलो होतो. पुण्याच्या पोरीला तुरीचा भाव!

तिळगूळ सोबत पाठवते. पोस्टात भुगा झाला तर चमच्याने खा, पण गोड बोल.

तुझी,
ताई


॥ श्री ॥

खामगाव,
दि. २० जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, घात झाला. तिळगूळ पोचला त्याच दिवशी यांची बोली मंजूर झाली. होय, यांनी लावलीच. आणि हात खिशातून एकट्या यांचाच निघाला नाही. भाऊजींनीसुद्धा बोली लावली होती! गोठ्यामागचा तुरीचा भाव तो हाच.

निशीने आता सगळं कबूल केलं. दोघांनीही तिच्याकडूनच बोली लावून घेतली आणि दोघांनीही तिला शपथ घातली की साडूला कळू द्यायचं नाही. बिचारीने दोन्ही शपथा पाळल्या. हे तिला म्हणाले होते, हर्रासात समोरच्याचं तोंड पाह्यलं की समजते त्याले कुठवर जाचं हाय, इथं त कोनीच दिसत नाही, दाबून बोल वं पोरी. समोर कोण होतं ते आता कळलं. आमची बोली लागली आणि भाऊजींना कंपनीचं क्षमस्व आलं.

आमची नवी खोली नवव्या मजल्यावर, जहाजाच्या पुढच्या टोकाला. तुमची तिथेच, चौथ्यावर, मागच्या टोकाला. आमची रिकामी झालेली खोली कंपनीने हातोहात तिसऱ्या कुणाला विकली. निशी म्हणते, आपल्याला वर चढवण्यात त्यांचा हाच तर फायदा, वरची उरलेलीही खपते आणि खालची विकायला मोकळी होते. म्हणजे आपल्या मधल्या दारापलीकडे आता कोण कुठली माणसं असतील, आणि दाराला कुलूप.

हे अडतीत पेढे वाटून आले. गॅलरीत बसायला पांढरी टोपीसुद्धा आणली. मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही, तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, काऊन रुसली, तुह्यासाठीच त केलं. ते खरंच आहे ग. तीस-बत्तीस वर्षांत मी एकदा कधीतरी म्हटलं होतं की मला समुद्राकडे तोंड करून चहा प्यायचा आहे. मी विसरले, यांनी लक्षात ठेवलं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण त्या गॅलरीकडे पाहून मला रडूच येणार आहे, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

भाऊजी कसे आहेत? फार मनाला लावून घेतलं का? लवकर लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जया


॥ श्री ॥

दुसरबीड,
दि. २४ जानेवारी २०२५

श्री. जानराव यांस,
रुखमाचे स. न. वि. वि.

गॅलरी मिळाल्याबद्दल तुमचं अभिनंदन. पेढे आमच्यापर्यंत पोचले नाहीत, तेवढी चूक जमेस धरते.

हे पत्र जयाला न विचारता लिहिते आहे. तुमचे साडू तीन दिवस झाले धड जेवत नाहीत. म्हणतात, तुमी जा, म्या येत नाही. निशिगंधाला तिकिटं रद्द करायला सांगितलं होतं, पोरीने ऐकू न आल्यासारखं केलं. माझा गुण तिला लागला म्हणायचा. त्यांचं दुःख खोलीचं नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. साडू नवव्या मजल्यावर टोपी घालून बसणार आणि आपण चौथ्यावर, एवढंच ते आहे. तुमच्या गॅलरीत ते पाय ठेवणार नाहीत. आणि जिंकलेला माणूस हरलेल्याच्या खोलीत कशाला जाईल? तुमच्या दोघांच्या या मानापानात आम्ही बहिणी जहाजाच्या दोन टोकांना बसणार.

जानराव, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. थोरल्या मेहुणीचा मान म्हणून तुम्ही साड्या दिल्यात, त्या मी नेसले. आज मागते. मुलगी पहिल्यांदा परक्या घरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण देतात. दुसरबीडला येताना माझी पाठराखीण जया होती. समुद्र हे मला परकंच घर आहे आणि मला त्याची भीती वाटते. तेव्हा चार रात्रींसाठी माझी पाठराखीण मला परत द्या. ती निजेल तिथे मी निजेन. पाठराखिणीला नाही म्हणायची रीत तुमच्या घरातही नसेल.

माझा उरलेला कानही आता फार दिवस साथ देणार नाही. त्याने तुमच्या बायकोचा आवाज ती नुसती माझी बहीण असल्यापासून ऐकला आहे, तुम्ही तिला पाहायलासुद्धा आला नव्हतात तेव्हापासून. तो आवाज एकदा शांतपणे ऐकायचा आहे. एवढंच.

राग येऊ देऊ नका, आलाच तर तो माझ्यापर्यंत ऐकू येणार नाही. कृपा असावी.

तुमची,
रुखमा


॥ श्री ॥

खामगाव,
दि. २९ जानेवारी २०२५

श्रीयुत भगवानराव साडूभाऊ यांस,
जानरावाचा रामराम वि. वि.

पत्रास कारण की आपली बोली माझ्या बोलीच्या किती खाली होती ते मी निशीला विचारलेलं नाही. आपणही विचारू नये. हर्रास सुटल्यावर भाव उकरून काढत नाहीत. एक मात्र खरं सांगतो. मी इतका दाबून बोललो तो समोर कुणीतरी तगडा गडी उभा आहे असं आतून वाटलं म्हणून. अंदाज चुकला नाही.

रुखमाताईंचं पत्र आलं. वाचलं, मग बायकोला दिलं, ती ते घेऊन देवघरात जाऊन बसली. आमच्या धंद्यात माल ज्याच्या नावाने सुटला त्याने तो कुणाच्या दारी उतरवायचा, ही त्याची मर्जी. मी तो दोघी बहिणींच्या दारी उतरवला आहे. नवव्या मजल्याची खोली आणि गॅलरी आता त्यांची. जहाजाच्या कचेरीत सांगितलं की दार उघडायचं दुसरं कार्ड मिळतं, असं निशी म्हणते.

त्यामुळे सध्या मी बेघर आहे. आपल्या चौथ्या मजल्याच्या खोलीत एक पलंग रिकामा होणार असं समजतं. तो मला मिळावा ही विनंती. त्यासाठी बोली लावावी लागणार असेल तर उलट टपाली कळवावं.

टोपी आपल्यासाठीही घेतली आहे. घोरण्याबद्दल आगाऊ माफी. जुना जिव्हाळा राखावा.

आपला,
जानराव


॥ श्री ॥

दुसरबीड,
दि. ३ मार्च २०२५

चि. सौ. जयास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोचल्याचं पत्र परवा मिळालं. आपण दोघी एकाच खोलीत होतो, तेव्हा तुला माहीत नाही असं मी काय लिहिणार? तरी लिहिते, कारण यांच्या तोंडून रोज नवीन कळतं आहे.

पहिल्या सकाळी ते दोघं नाष्ट्याला का आले नव्हते, ठाऊक आहे? खिडकी नसलेल्या खोलीत दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळत नाही म्हणे. हे जागे झाले, अंधार पाहिला, पुन्हा निजले. मग जानराव जागे झाले, साडू निजलेला पाहून तेही निजले. असं करत दुपारच्या जेवणाला उठले. आता गावात सांगत फिरतात की गॅलरीत काय हाय, झोप पाह्यजे असंल तर आतलीच खोली घ्या. आणि रोज संध्याकाळी खामगावला फोन करून साडूला गुरांच्या सरकी ढेपेचा भाव विचारतात. खरा विचारतात, ओसरीत बसून.

ते दोघं टोप्या घालून गॅलरीत चहाला आले ते मला राहूनराहून आठवतं. हे उंबऱ्याशीच थांबले होते. जानरावांनी स्वतःची खुर्ची ओढून दिली आणि आपण उभे राहिले. तुझा नवरा चांगला आहे हो जया. समुद्राकडे तोंड करून प्यायच्या तुझ्या त्या चहाच्या वेळी ते समुद्र न पाहता तुझ्याकडेच पाहत होते, हे तुला दिसलं नसेल, मला दिसलं. बहिऱ्या माणसाला असलं फार दिसतं.

वारा अर्धं बोलणं पळवून न्यायचा म्हणून तू माझ्या उजव्या कानाला तोंड लावून बोलत होतीस. आपल्याकडे पाहून ती शेजारच्या गॅलरीतली बाई हसायची. हसू दे. आईने पाठराखीण म्हणून पाठवताना तुला बजावलं होतं की ताई रडली तर मला येऊन सांग, आणि तू घरी जाऊन सांगितलंस की ताई एकदासुद्धा रडली नाही, हे मला या वयात, त्या गॅलरीत कळलं. मी तर रोज रडत होते आणि मला वाटायचं तू निजलीस. एवढीशी पोर तू, आईशी माझ्यासाठी खोटं बोललीस. त्या दिवशी मी गॅलरीत रडले ते वाऱ्यामुळे नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे परवाच जाऊन आले. उजवा आणखी उतरला आहे, आता सुधारायचा नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. शिवमचा चेहरा पडला, पण मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. घरी आले तर तुझं पत्र येऊन पडलेलं. चष्मा लावला, वाचायला बसले, आणि जया, ते मला तुझ्या आवाजात ऐकू आलं. पहिल्या शब्दाआधी तू जरा खाकरतेस, ते खाकरणंसुद्धा.

तेव्हा आता लांब लांब पत्रं लिहीत जा.

तुझी,
ताई