धाकट्याची बोट

३ मार्च, मंगळवार

आज तीन पट्ट्या मोडल्या. तिन्ही नाळेपाशी – म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथं फळीला फुगीर पोटावरून एकदम आत वळावं लागतं. वेताच्या खुर्च्या विणण्यात माझी वीस वर्षं गेली. वेताला धग दाखवली की तो मुकाट्यानं वळतो. लाकूड माझं काही ऐकत नाही.

लिहून ठेवतेय, कारण घरात बोलायला कुणी नाही. धाकटा भाऊ आहे म्हणायला. मागच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. फेरीबोट उलटली त्याला आज एकेचाळीस दिवस झाले. सुकाणू त्याच्या हातात होतं. सात माणसं गेली, हा वाचला. तेव्हापासून 'हो', 'नको', 'ताई, दार लोट' – संपलं.

मालक म्हणतो, पोरानं बोट बुडवली. आमच्या वकीलबाई म्हणतात, मालकानं गेल्या वर्षी टपावर बाकं टाकली, कठडा केला, वर माणसं बसवली. बोट वरून जड झाली, कुणाच्याही हातून उलटली असती. पण दाखवणार काय? चौकशी बसायच्या आत मालकानं बोट फोडून लाकूड विकून टाकलं. "अगदी मापाबरहुकूम लहान बोट करून पाण्यात सोडली, वर वजनं ठेवली, तर समितीला डोळ्यांनी दिसेल," बाई म्हणाल्या. मी लगेच म्हटलं, मी करते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

४ मार्च

आणखी दोन मोडल्या.

६ मार्च, शुक्रवार

सुतारकाकांकडे गेले. ती बोट अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच बांधली. मापांची वही अजून जपून ठेवली आहे. आता हात थरथरतात, चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात.

मोडलेल्या पट्ट्या उजेडात धरून बघितल्या. "कोरडंच वाकवतेस? आणि लाकडाची रेष बघ, इथं तिरकी पळतेय. ब्रह्मदेव आला तरी तिथंच तुटणार."

मग सगळं सांगितलं. सरळ रेषेची पट्टी निवडायची. दोनतीन तास पाण्यात बुडवून ठेवायची. किटलीच्या तोटीतून वाफ येते त्यावर धरायची, पण एका जागी नाही – सारखी मागंपुढं. मऊ पडली की लगेच साच्यावर दाबून कपड्यांचे चिमटे लावायचे आणि दिवसभर हात लावायचा नाही.

"आणि हवी त्याहून जास्त वाकव. सुकली की थोडी परत फिरते. लाकडाला आपलं सरळपण आठवतं," म्हणाले.

मापाचंही समजावलं. बोट विसाव्या हिश्श्याएवढी, पण वजन लांबी-रुंदी-उंची तिन्हींकडून कमी होतं. म्हणजे आठ हजारावा हिस्सा. साठ किलोचा माणूस साडेसात ग्रॅमचा. मासे धरायच्या गळाला लावतात तसे शिशाचे मणी चाळीस घ्यायचे ठरलं. चाळीस माणसं माझ्या मुठीत मावतील. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

९ मार्च, सोमवार

पहिली पट्टी वळली! नाळेपाशी अंगठ्यानं दाबून धरली, चटका बसला, सोडली नाही.

धाकट्याला दाखवायला नेली. त्यानं बघितली. मग परत भिंतीकडे वळला.

११ मार्च

एका बाजूच्या चार पट्ट्या झाल्या. पण खालची पाचवी आडव्या बाजूनंही वळायला हवी. वाफेनं ते होईना. काका म्हणाले, ओली पट्टी टेबलावर ठोकून धर आणि वरून गरम इस्त्री दाब. केलं. वळली, पण एक कड चुरगळली. दुसरी काळी पडली. तिसरी जमली. घरभर जळक्या लाकडाचा वास. धाकटा खोलीतून विचारेल, काय जळतंय म्हणून, असं वाटलं. नाही विचारलं.

१४ मार्च, शनिवार

सकाळी एक बाई खुर्ची घेऊन आली. बसायची जागा फाटलेली. मी माप घेत होते, तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. बोट बघितली. टपावरच्या बाकांचा सांगाडा बघितला.

"ही तीच ना?"

मी हो म्हटलं.

"माझी जाऊबाई होती वर. शेवटच्या बाकावर."

मी उभी राहिले. आत धाकटा होता, मध्ये फक्त लोटलेलं दार. ती ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हळूच खुर्ची उचलली. "राहू दे. दुसरीकडे बघते," म्हणाली. फाटक लावून गेली, नीट कडी घालून.

दिवसभर एकही पट्टी केली नाही.

१८ मार्च, बुधवार

धाकटा बाहेर आला! पाणी प्यायला आला होता, पण टेबलापाशी थांबला. बोटाचं टोक नाळेवरून फिरवलं.

"अजून उंच होती," म्हणाला.

वही काढून बघितलं. खरंच दोन मिलिमीटर कमी होती. जवळजवळ दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचं असं वाक्य ऐकलं. मी वहीतच डोकं घालून राहिले, बोलले तर परत आत जाईल म्हणून. तरी गेलाच.

२२ मार्च, रविवार

सगळं मुसळ केरात. डावीकडच्या पट्ट्या रात्रीत फिरल्या, तीन ठिकाणी चिकटवलेलं उखडलं. घाई केली, पुरत्या सुकू दिल्या नाहीत. काकांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "सोडव सगळ्या. पुन्हा भिजव."

वकीलबाईंचा निरोप – सोमवारी तीस तारखेला दहा वाजता बोट न्यायला येणार. मंगळवारी समिती. आणि हेही सांगितलं की बोट चालली नाही तर त्यांच्याकडे दुसरं काही नाही. "खोटी आशा लावत नाही तुम्हाला," म्हणाल्या. बऱ्या आहेत. पण खोटी का होईना, लावली असती तर चार पट्ट्या सुखानं केल्या असत्या.

२६ मार्च

झाली. बोटं सोललीत. पाणी आत शिरत नाही.

२८ मार्च, शनिवार

काका आले. मागच्या अंगणातला मोठा टब भरला. काकांनी वहीतून बोटीचं मूळ वजन काढलं होतं, त्याच्या आठ हजाराव्या हिश्श्याच्या हिशेबानं शिसं तळाशी ठेवलं. मग माणसं. खाली अठरा मणी, टपावर बावीस, त्या दिवशी होती तशी.

मी एका बाजूनं बोटानं दाबलं. झुकली. डोलली. सरळ झाली.

पुन्हा दाबलं, जास्त. पुन्हा सरळ झाली. वरची सगळी माणसं एका कडेला सरकवली. कलली, पाणी काठाला लागलं, मला वाटलं आता – पण तशीच कललेली उभी राहिली. उलटली नाही.

"माप चुकलं असेल," मी म्हटलं.

काकांनी पुन्हा मोजलं. थरथरत्या हातानं, एकेक मणी. "नाही चुकलं, पोरी. डोलते फार. वर इतकी माणसं बसवायला नकोच होती. पण उभी राहते."

मीच बांधली ही. इतकी नीट बांधली की ती माझ्याच भावाच्या विरुद्ध साक्ष देतेय. काका गेल्यावर टबाच्या काठावर बसून राहिले. एक पट्टी मुद्दाम कमी वाकवली असती तर? असंही मनात आलं. इथं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहू.

२९ मार्च, रविवार

दुपारी धाकटा आपणहून अंगणात आला. मी आणि तो, दोघंच. बोट टबात होतीच, मणीही. त्यानं बाही सारली, मागून बोट धरली, जोरात पुढं ढकलली आणि मनगट झटक्यात फिरवलं. बोट तिथल्या तिथं उलटली. मणी तळाला गेले.

"असं," म्हणाला. "वर एका लहान मुलीची टोपी उडाली, ताई. रडायला लागली. म्हटलं, बोट वळवून घेऊ या परत. वेग कमी केला नाही मी."

ती मुलगी गेलेल्या सातांत आहे. वरची बाकं नसती तर बोट न उलटता वळली असती, हे मी त्याला सांगितलं. ऐकलं त्यानं. संध्याकाळी दोन महिन्यांनी दाढी केली, सदऱ्याला इस्त्री केली. उद्या वकीलबाई दहाला येणार.

"तू काही बोलू नकोस," म्हणाला. "मी सांगतो."