गरज क्रमांक एकशे बारा

सोमवार, ३ जून
नवा प्रोजेक्ट मिळाला. डायलिसिस सेंटरचं सॉफ्टवेअर. किडनी काम करत नाही अशा साठ पेशंटना आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडून झोपावं लागतं, त्यांच्या वेळा लावायच्या. मॅनेजर म्हणाला, तुला या क्षेत्राचा अनुभव नाही. म्हटलं, माझा सख्खा मोठा भाऊ तिथेच जातो. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठची बॅच. मॅनेजरने फाइल माझ्यापुढे सरकवली.
गरजांचं डॉक्युमेंट मी लिहिणार. डिसेंबरच्या आत सीनियर ॲनालिस्ट. नक्की.
संकल्प : सेंटरमध्ये रोज दोन तास नुसतं बसून बघायचं. कॉपी-पेस्ट अजिबात नाही. लिफ्ट बंद, जिना सुरू.

मंगळवार, ४ जून
टीमला लेक्चर दिलं. गरजा तीन प्रकारच्या. बिझनेस गरज म्हणजे हा सगळा खटाटोप कशासाठी. फंक्शनल गरज म्हणजे सॉफ्टवेअरने काय काय करायचं. सिस्टिमची गरज म्हणजे ते कशावर आणि किती वेगात चालायचं. घरचं उदाहरण दिलं. घरात शांतता हवी, ही बिझनेस गरज. मी गप्प बसायचं, ही फंक्शनल. तोंडाला चांगलं झाकण हवं, ही सिस्टिमची. सगळे हसले. लोक या तिन्हींत गल्लत करतात आणि प्रोजेक्ट बुडतात, असं बजावलं. टाळ्या पडल्या असं नाही, पण वातावरण तसं होतं.
लिफ्टने गेलो. लेक्चरची वेळ झाली होती.

गुरुवार, ६ जून, सकाळी ११
सेंटरमध्ये. दोन तास बसणार होतो, पण स्पिरिटच्या वासाने डोकं धरतं. वीस मिनिटं पुरली. अनुभवी माणसाला एक नजर बास.
मोठ्या सिस्टर चालता चालताच बोलतात. त्यांच्यामागे पळत विचारलं, तुमची गरज सांगा. म्हणाल्या, जो पेशंट आला नाही तो आम्हाला त्याच दिवशी कळला पाहिजे, बाकी काही नसलं तरी चालेल. एक दिवस चुकला की अंगात पाणी साठायला लागतं. वेळेत कळलं नाही तर माणूस हातचा जातो.
सध्या हे काम मावशी करतात. मावशी म्हणजे दाराशी रजिस्टर घेऊन बसणाऱ्या बाई. आलेल्यांपुढे लाल पेन्सिलीची खूण. नऊ वाजता उरलेल्यांना फोन. उचलला नाही तर घरच्यांच्या दुसऱ्या नंबरवर. तिथेही नाही लागला तर ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पत्ता देऊन घरी पाठवतात.
मी लिहून घेतलं : हाताने चालणारं काम. पूर्ण बंद करता येईल.

रविवार, ९ जून
दादाकडे गेलो. यूझर इंटरव्ह्यू, तोही पलंगावर मांडी घालून! दादा म्हणाला, सगळं छान आहे रे, तेवढी त्या मावशींची कटकट बंद कर. एखाद्या दिवशी माणसाला कंटाळा येतो, तेवढ्यात यांचा फोन. आंघोळ करतोय म्हटलं तर म्हणतात, ओल्या अंगाने या. शब्दन् शब्द टिपला. यूझरच्या तोंडचं वाक्य म्हणजे सोनं.
वहिनी आतून म्हणाली, भावजी, यांचं काय लिहून घेताय? फोन आल्याशिवाय हे पायात चप्पल घालत नाहीत. आणि तिथल्या रजिस्टरात दुसरा नंबर तुमचा दिलाय, लक्षात असू द्या.
वहिनी यूझर नाही. टिपलं नाही.

सोमवार, १७ जून
सेंटरमध्ये परत जाणं झालं नाही. कामच तेवढं. फंक्शनल गरजा भराभर उतरल्या, एकशे चौऱ्याऐंशी. मॅनेजरने आकडा बघून भुवया उंचावल्या. कौतुकानेच असणार.
बिझनेस गरजेचं पान तेवढं कोरं होतं. संध्याकाळपर्यंत हवंच म्हणाला. जुन्या प्रोजेक्टमधलं उचललं. तो सिनेमागृहाच्या तिकिटांचा होता. ही कॉपी-पेस्ट नव्हे, हा पुनर्वापर. प्रेक्षक खोडून पेशंट केलं. उद्दिष्ट : एकही जागा रिकामी राहू नये. डायलिसिसला तंतोतंत लागू पडतं. मोठी तत्त्वं सगळीकडे सारखीच असतात.
त्यातूनच सुचली गरज क्रमांक एकशे बारा. पेशंट वीस मिनिटांत आला नाही तर त्याची खाट आपोआप मोकळी होऊन प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला मिळेल. न आलेल्याला मेसेज जाईल. फोन बंद. मला ती सगळ्यात जास्त आवडते.

सोमवार, २४ जून
सह्यांची मीटिंग. मोठ्या सिस्टरनी एकशे बारावर बोट ठेवलं. न आलेला माणूस कळणार कुणाला? म्हटलं, पेशंटला मेसेज जातो ना. म्हणाल्या, तो आला नाही हे त्याला ठाऊकच आहे. मला कळायला हवं.
मी शांतपणे समजावलं की ही भावनिक गरज आहे, ती कुठल्याच प्रकारात बसत नाही. वर यूझरचं वाक्य वाचून दाखवलं. पेशंट क्रमांक एक्केचाळीस, म्हणजे दादा, पण नाव गुप्त. खुद्द पेशंटच म्हणतोय फोन नको, मग हातच्या काकणाला आरसा कशाला? तेवढ्यात आतून कुठल्याशा मशीनची शिट्टी वाजली. सिस्टर सही करून पळाल्या.
जिंकलो.

सोमवार, ८ जुलै
सॉफ्टवेअर सुरू. रजिस्टर कपाटात. मावशींना औषधांच्या स्टोअरमध्ये हलवलं. जाताना त्यांनी विचारलं, साहेब, मग फोन कोण करणार? म्हटलं, आता कुणी करायला नको, तुम्ही आराम करा. त्यांचा चेहरा आराम करणाऱ्या माणसाचा नव्हता. बदल पचायला वेळ लागतो लोकांना.

शनिवार, १३ जुलै, दुपारी १
पहिला आठवडा पार. घरूनच डॅशबोर्ड बघितला. सकाळची बॅच. गैरहजर : एक. खाट पुन्हा दिली : आठ वीसला. वापर : शंभर टक्के! सिनेमागृहातही शंभर कधी लागले नव्हते. मॅनेजरला स्क्रीनशॉट पाठवला, शेजारी हसरा चेहरा.
सेंटरकडून आज एकही फोन नाही. याला म्हणतात काम.
वहिनी बहिणीकडे गेली आहे, मंगळवारी येईल. दादा एकटा आहे, चक्कर मारायला हवी. उद्या.

रविवार, १४ जुलै
केस कापायला गेलो, तिथे गर्दी. मग राहिलंच. दादाला फोन केला, उचलला नाही. झोपला असेल.

सोमवार, १५ जुलै, सकाळी १०
दादाच्या शेजाऱ्यांचा फोन. दार अर्धं उघडं, दादा उंबऱ्यावर बसलेला, धाप लागलेली, शब्द फुटत नव्हता. ॲम्ब्युलन्स त्यांनीच बोलावली. निघतो.

दुपारी ४
आयसीयू. फुप्फुसात पाणी. डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. शनिवारी डायलिसिसला गेलाच नव्हता. कंटाळा आला म्हणून.
म्हणजे ते 'गैरहजर : एक' म्हणजे दादा होता. मी त्याला हसरा चेहरा लावून पाठवलं.
वहिनीचा बसमधून फोन. भावजी, शनिवारी तुम्हाला सेंटरमधून फोन आला नाही का हो? नाही म्हटलं. खरोखरच आला नव्हता. तिने फोन ठेवला.
दादाच्या मोबाईलवर मेसेज होता. आपली जागा रद्द झाली आहे. पुन्हा अवश्य भेट द्या.
फार भीती वाटते आहे.

बुधवार, १७ जुलै
दादा वाचला. मास्क काढला. मला बघून हात हलवला.
ऑफिसात बोलावणं. मोठ्या सिस्टरनी सॉफ्टवेअर बंद करून मावशींना रजिस्टरसकट दाराशी परत आणून बसवलंय. कंपनीला लेखी अहवाल हवाय, चूक कशी झाली. मॅनेजर म्हणाला, चूक तुझी निघाली तर मला तुला ठेवता येणार नाही.
असू दे. मी खरं ते लिहिलं. सेंटरची बिझनेस गरज सिस्टरनी पहिल्याच दिवशी, एका वाक्यात, चालता चालता सांगितली होती. मी ती ऐकून सोडून दिली आणि सिनेमागृहाची लावली. एकशे बारा माझी. लिहून हलकं वाटलं. उद्या सकाळी पाठवतो.

गुरुवार, १८ जुलै
सकाळी पुन्हा वाचलं. फारच भावनिक झालंय. तांत्रिक अहवालात असलं शोभत नाही. ते काढून थोडं नीट केलं : फोन बंद करण्याची मागणी पेशंट क्रमांक एक्केचाळीस याने स्वतः केली होती, दिनांक ९ जूनची नोंद सोबत जोडली आहे. यात एक अक्षर खोटं नाही.
पाठवलं. अर्ध्या तासात मॅनेजर जागेवर आला, पाठ थोपटली. पुरावा जपून ठेवलास हे उत्तम केलंस म्हणाला. नोकरी शाबूत.
जेवण गेलं नाही.

रविवार, २१ जुलै
दादा काल घरी आला. गेलो. गालफडं बसली आहेत. वहिनी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.
ती आत जाताच दादाने हळूच विचारलं, माझ्यापायी तुझ्या नोकरीवर तर काही आलं नाही ना रे? आयसीयूत तोंडावर मास्क असताना म्हणे हेच डोक्यात घोळत होतं. म्हणाला, फोन बंद कर म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो. ऑफिसात विचारलं तर बेलाशक माझं नाव घाल, मला कोण काय करणार आहे?
मी म्हटलं, छे रे, तशी वेळ आली नाही. सगळं मिटलं.
मग झालं तर, म्हणाला. इतका खूश झाला की वहिनीला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला लावला. त्याला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून त्याने माझ्याच कपातला एक घोट बशीत ओतून घेतला.
तुझं नाव मी गुरुवारीच घातलं, एवढंच सांगायचं होतं. कप संपेपर्यंत तोंडातून निघालं नाही. मग उठलो आणि घरी आलो.