रोगट रोपं

आकुर्डी,
१६ नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पांना निशिगंधाचा नमस्कार.

मी बरी आहे. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता ती भिंत धरून चालते. मला इथल्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालंय, सकाळची शिफ्ट. आईला सांगा, डबा मी स्वतः करून नेते, बाहेरचं खात नाही.

पत्र लिहितेय कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही. ‘घरी ये’ म्हणता आणि ठेवून देता.

दिवाळीत मावशीने पूजेला शेवंती मागवली. पिवळी, टपोरी, आपल्याकडे व्हायची तशीच. तिचा वास नाकात गेला आणि मला मळमळायला लागलं. मावशीला वाटलं, ॲसिडिटी. मी तसंच वाटू दिलं.

खरं तर मी त्या वासातच मोठी झाले. मोशीची जमीन बिल्डिंगांखाली गेली तेव्हा सगळ्यांनी गाड्या घेतल्या आणि तुम्ही चाकणच्या पुढे पॉलीहाऊस उभं केलं. किती अभिमान वाटायचा! शेवंतीचं पान वरून बघायचं नाही, उलटं करून बघायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून तर श्रावणात पांढरा तांबेरा हा रोग सगळ्यांआधी मला दिसला. ज्या रोपांवरून आपण कलमं काढतो त्याच वाफ्यात. वरून फिकट डाग आणि खाली ते पांढरट-गुलाबी, मेणचट फोड. बोटाला लागले तर शिसारी येते. मी पान तुमच्यासमोर धरलं. तुम्ही म्हणालात, “बघितलं. वाफा उपटून जाळून टाकू.”

मग मी मावशीला दवाखान्यात दाखवायला इकडे आले. परतले तर बायका ओळीने बसून कलमांची खालची पानं खुडत होत्या. फोडांची पानं पोत्यात, वरची हिरवी रोपं क्रेटमध्ये. मी विचारलं, “हे कुठं चाललंय?”

“खड्ड्यात,” तुम्ही म्हणालात.

मी विश्वास ठेवला. खड्ड्यात टाकायच्या रोपांची पानं कशाला खुडायची, हे मनात आलं होतं. पण तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर मी पुढे विचारलंच नाही.

दसऱ्याच्या आधी भिमाआत्या आली. नात्याची नाही, पण दर राखीला तुमच्याकडे येणारी. तिचं पॉलीहाऊस तुम्हीच मनावर घेऊन उभं करून दिलंत, यंदाची रोपंही तिने तुमच्याकडूनच विकत नेली होती. तिने पदराच्या गाठीतून पान काढलं. तेच फोड. ओसरीवर सोनबाकाका होते, मारुतराव होते, चहा चालला होता.

तुम्ही पान हातातसुद्धा घेतलं नाही. “भिमा, पाण्याचा फॉगर दिवसभर चालू ठेवत असशील. ओल राहिली की हे व्हायचंच. तुझ्या हाताला स्वच्छता न्हाई.”

आणि ती बिचारी मान खाली घालून म्हणाली, “चुकलं आसंल दादा. आमी आडाणी. तुमीच सांगा आता काय करू.”

तिने तुमची माफी मागितली, आप्पा! तुम्ही ती मागू दिलीत आणि वर तिला चहा पाजलात.

मी म्हणाले, “आत्या, तुझं काही चुकलं नाही. रोपंच रोगट होती.”

त्यानंतर काय झालं ते मी मावशीला सांगितलेलं नाही. आईनेही ते दारातून पाहिलं, पण ती कधी बोलणार नाही. तुम्ही हसलात. मला जवळ ओढलंत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणालात, “या पोरीची शपथ. रोपं चोख व्हती.”

तुमचा तोच हात, आप्पा. मला ताप आला की कपाळावर असायचा तो. मी तो झटकून टाकला, तेव्हा मारुतराव उठून उभे राहिले. मग मी सगळं सांगितलं. पोती, क्रेट, पानं, सगळं. तुम्ही एवढंच म्हणालात, “घरचं झाकायचं आसतं, येडे.”

मी त्याच दुपारी भिमाआत्याबरोबर गेले. तिचं पॉलीहाऊस आम्ही दोघींनी मोकळं केलं. कळ्या धरलेली रोपं मुळासकट उपटली, पोत्यात बांधली, बांधावर नेऊन जाळली. ओली शेवंती जळते तेव्हा फार घाण धूर निघतो. आत्या डोळे पुसत होती, ते धुरामुळेच असं म्हणत होती. तुमच्याबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता तुम्ही मला घरी बोलावताय. का, ते आईकडून कळलं. नाशिककडचे शेतकरी आपलं पॉलीहाऊस बघायला येणार आहेत आणि त्यांना रोगांची माहिती सांगायला तुम्हाला मी हवी आहे. आप्पा, मला तुमची किळस येते. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

तो रोगट वाफा अजून उभा आहे, हेही आईच म्हणाली. तो उपटा. मग भिमाआत्याकडे जा आणि सोनबाकाका, मारुतराव यांच्यासमोर तिला खरं सांगा. माझ्याकडे येऊ नका. तिच्याकडे जा. ती चहा देईल, मला माहीत आहे, आणि तो तुम्हाला प्यावा लागेल.

हंगाम आला की ती दुसरीकडून निरोगी रोपं आणणार आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याकडे लावणीला जाईन.

आईला जपा.

तुमच्या खोट्या शपथेनंतरही धडधाकट असलेली,
तुमची मुलगी
निशिगंधा