रक्ताच्या फेरतपासणीबाबत, सोबत फळा पुसायचे फडके

सुपा, ता. पारनेर, जि. अहमदनगर
दि. १० मार्च १९७३

प्रति,
मा. प्रमुख, रक्त तपासणी विभाग,
कै. भागिरथी स्मारक रुग्णालय, पुणे

विषय: माझ्या रक्तातील कॅल्शियम पुन्हा मोजून मिळणेबाबत.
संदर्भ: आपले दि. २४ फेब्रुवारीचे नकाराचे पत्र.

महोदय,

वर्गात गोष्ट सुरू करताना मी मुलांना डोळे मिटायला सांगत असे. आपणही क्षणभर तसे करावे. पुणे रस्त्याला लागून एक खोली आहे. भिंतीला फळा, समोर अंथरलेले तरट, आणि तरटावर कोणी नाही. त्या खोलीत हा अर्जदार राहतो.

१. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी आहेत. दर मंगळवारी व शुक्रवारी एस.टी.ने आपल्याकडे डायलिसिससाठी येतो. पत्नी वारून सहा वर्षे झाली. संध्याकाळी पाढे शिकायला येणारी मुले एवढाच माझा गोतावळा होता. दिवाळीपासून हाडे ठणकतात. नुसत्या शिंकेने बरगडी मोडली. हात खांद्याच्या वर जात नाही, फळ्यावर लिहिता येत नाही. हळूहळू मुले यायची थांबली.

२. हाडांचा आजार ओळखण्यासाठी डॉक्टरांनी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फटेज तपासण्यास सांगितले. डायलिसिसच्या आदल्या दिवशीचे रक्त हवे होते. ते गावच्या दवाखान्यात, घरून नेलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत काढून आपल्याकडे पोचवले. शेवटची दोन वाढलेली निघाली. परंतु माझ्यासारख्या रोग्यात बहुधा कमी असणारे कॅल्शियमही भरमसाट निघाले. ते पाहून डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या. तेव्हापासून दुखणे वाढतच आहे.

३. चूक माझी आहे. दुष्काळामुळे गावात चौथ्या दिवशी टँकर येतो. बाटली धुण्यात पाणी घालवणे जिवावर आले, म्हणून ती आतून फडक्याने पुसली. फडके फळ्याचे होते. खडू हा चुन्याचा भाऊ, हे मी तीस वर्षे मुलांना शिकवले आहे.

४. आपण लिहिता की, अहवाल नोंदवहीत चढल्याने सहा महिने फेरतपासणी नाही. खडूची तक्रार असल्यास ती बाटली हजर करावी. बाटली आपल्याच विभागाने फेकली आहे. मुख्याध्यापकांकडे दाखला मागितला. ते म्हणाले, निवृत्त शिक्षकाच्या रक्तातील खडूशी शाळेचा संबंध नाही. सबब फडकेच पाठवत आहे.

५. दि. २० रोजी, मंगळवारी, आदल्या दिवशीचे रक्त दुसऱ्या बाटलीत घेऊन येईन. तेवढे एकदा मोजावे. सहा महिने थांबण्याइतकी हाडे उरतील असे वाटत नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
रंगनाथ बाबूराव औटी
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक

सोबत: फडके एक, न धुतलेले.

ता. क. दुसऱ्या बाटलीविषयी खात्री असावी. फडक्याची गोष्ट प्रथम शेजारच्या मालनबाईंच्या पुष्पावतीच्या ध्यानात आली; ती तिसरीत आहे. "गुरुजी, तुमी रक्ताला बी शाळंत घातलं व्हय?" म्हणून ती हसली. बऱ्याच दिवसांनी या खोलीत कोणी हसले. मी अर्ज लिहायला बसलो, तेव्हा तिने घरून आपल्या वाट्याचे तांब्याभर पाणी आणले, बाटली तीनदा खळखळून धुतली, उन्हात पालथी घातली, आणि रस्त्याची धूळ बसू नये म्हणून तिच्यावर ओंजळ धरून बसली. मी हे लिहीत आहे, आणि ती अजून तशीच बसली आहे.