चिमणीवाचूनचं इंजिन

आई,

“आजोबांच्या इंजिनाचं हे मॉडेल या जन्मी पूर्ण होणार आहे का?” असं बाबांना विचारूनच दाखव, अशी शाळेतल्या हेटी आणि केझियाने माझ्याशी पैज लावली होती. पण काल नव्याने सापडलेल्या फोटोत चिमणी केसभर बुटकी दिसली, म्हणून बाबांनी ती तिसऱ्यांदा उपटली. ते इतके दमलेले दिसले की मला विचारवेना. कानस चालवून माझीही बोटं सोलली आहेत.

मग मी वृद्धाश्रमात आजोबांनाच फोन केला. खऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला तो त्यांनीच ना! म्हणाले, “चिमणी कोण मोजतं, पोरी? दुरुस्तीच्या कारखान्यातून दर वेळी दुसऱ्याच इंजिनाचे भाग लावून यायचं ते. पुढचा दिव्याचा हूक मात्र माझ्या फावड्याने वाकला होता. लवकर आण गं. डावा डोळा गेलाच, आता उजव्यालाही धूसर दिसतं.”

हूक मी वाकवलाय. बाबा तो सरळ करतील, म्हणून इंजिन स्वेटरात गुंडाळून सोबत नेतेय.

मी ठरवलंय. शाळा सुटली की डार्लिंग्टनच्या बसने थेट आजोबांकडे जाणार. बिनरंगाचं तर बिनरंगाचं, आज ते त्यांच्या हातात देणार.

रोवेना