कडेला दिसलेलं काढा

४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खास पत्राचं कारण तुझी लेक. माझ्या नववीच्या वर्गाला स्केचबुकात घरी काय काढायला द्यावं, या विचाराने डोकं पिकलंय. फुलदाणी सांगितली की कार्टी छापील चित्र काचेवर धरून गिरवून आणतात. म्हणून गिरवताच येणार नाहीत असे गृहपाठ शोधलेत, आणि ते आधी तुझ्या लेकीवर करून बघणार आहे.

पहिला: बूट उलटा ठेवून त्याचा तळ काढायचा. दुसरा: कागदाकडे न बघता स्वतःचा हात काढायचा. तिसरा माझा लाडका. भिंतीवरच्या एका वस्तूकडे टक लावून बसायचं, नजर हलवायची नाही, आणि कडेला जे जे जाणवेल ते मनात धरून मग वहीत उतरवायचं. धूसर तर धूसर.

तू मात्र लांब राहा. तुझा घोडा बघून आईने हे कुणाचं टेबल म्हणून विचारलं होतं, ते मी विसरलेले नाही.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ जुलै

चि. रंगारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

टेबलवाल्याने तुझे तिन्ही गृहपाठ केले. बूट झकास जमला. तिसऱ्याला मात्र शून्य मार्क, मला नव्हे, तुला. आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. लेकीने कपाट, खिडकीचा पडदा, दारात उभ्या तिच्या आईचं कोपर, सगळं काढलं. मी घड्याळ काढलं, खालची खुंटी काढली, संपलं. ती म्हणते मी आळस केला. मी म्हणतो तिने चोरून मान वळवली. सरळ बघताना दार दिसायला डोळे काय कानाला लावलेत?

बाकी ठीक. तुझी वहिनी हल्ली वाटेत बादल्या ठेवते आणि मी अडखळलो की मलाच बोलते. डेपोत बसचा डावा आरसा खांबाला घासला, त्यावर साहेबांची बोलणी खाल्ली. शाळेच्या फेऱ्या सुरू आहेत. पोरं बसमध्ये नुसता बाजार मांडतात.

दोन्ही पानं सोबत आहेत. या अडाण्यावर लोभ ठेव.
दादा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न.

आज चेष्टा नाही. तो गृहपाठ मी वर्गाला दिला. सगळ्यांना कडेचं दिसलं, शेजारणीची वेणीसुद्धा. मान कुणीही वळवली नव्हती. तुझं पान घेऊन मी शाळेजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, नजर कडेकडून इतकी हळू जाऊ शकते की माणसाला पत्ता लागत नाही. समोरची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. गेलेलं परत येत नाही, पण वेळेवर औषध मिळालं तर उरलेलं राखता येतं. तपासणी होईपर्यंत बस चालवू नये, असं त्यांनी बजावलंय.

दादा, मला फार भीती वाटते आहे. तुझ्यासाठी, आणि त्या बाजार मांडणाऱ्या पोरांसाठीही. पुढच्या सोमवारपर्यंत तू रजा घेतल्याचं कळलं नाही, तर मी तुझ्या साहेबांना लिहीन. मग जन्मभर रुसलास तरी चालेल.
धाकटी

१८ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. इतकी वर्षं बस चालवली, कुणाला ओरखडा आला नाही. डेपोतल्या तपासणीत शेवटची ओळ घडाघडा वाचतो. कडेचं बघायला आरसे असतात. तुझ्या रेघोट्यांवरून माझ्या पोटावर पाय देणार का? मला दुसरं काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे.

साहेबांना लिहिलंस तर या घराची पायरी चढू नकोस. वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. लोभाचं पुढे बघू.
दादा

२० जुलै

चि. धाकटीस,
खूप आशीर्वाद.

परवाचं पत्र फाडून टाक. तुला खोटं पाडायचंच म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लेकीला आणि तिची वही घेऊन डेपोत गेलो. इंजिन बंद, मी माझ्या जागेवर. आरशात बघून घेतलं, मग समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर ठेवली, फेरीला निघताना ठेवतो तशी. टाकी काढली, टाकीची शिडी काढली, नळ काढला. छान जमलंय असं वाटलं. दाखवायला म्हणून मान वळवली, तर मागच्या सीटवर लेक नाही.

ती खाली उतरून पुढच्या डाव्या चाकाशी उभी होती. उतरलेली पोरं उभी राहतात, तिथेच. दोन्ही हात हलवत होती. केव्हापासून, म्हणून विचारलं, तर म्हणाली, तुम्ही पेन्सिल उचललीत तेव्हापासून.

बसची किल्ली काढून घेतली. मग साहेबांच्या घरी जाऊन किल्ली त्यांच्या हातात दिली आणि कारणही सांगितलं. वहिनीला सांगितलं, ती रडली. उद्या डॉक्टरांकडे जातोय. तू ये. पायरीचं बोललो ते विसर.

चित्र सोबत पाठवतोय. डावीकडची जागा कोरी आहे. तिथे तिला तू काढ.
तुझा दादा