जज लुंडीनबाईंसाठी तेहेतीस दिवसांची शिफारस

आणि मामा, मी सिनेटरला पत्र लिहिलं तेव्हा प्यायलेलो नव्हतो, हे एकदाचं ऐकून घ्या. रविवार होता, दुकान बंद होतं. "जिने मला गावात खोटं पाडलं, तिची शिफारस माझाच भाचा करतो," असं तुम्ही तीनदा लिहिलंय, एकदा तर पेन्सिल मोडेपर्यंत दाबून. पोचलं. आता तीर्थरूप ऑर्विलमामांना वेसचा वाकून नमस्कार. मामीचा गुडघा कसा आहे? काळी गाय व्याली का? इथे अलास्कात सगळं बरं आहे, म्हणजे पाऊस आहे, मासे आहेत आणि अंगाचा वास साबणाने जात नाही.

मामीने सुकं मटण ज्या पेपरात बांधून पाठवलं, त्यातच मी वाचलं की आपल्या लुंडीनबाईंचं नाव फेडरल कोर्टासाठी गेलंय. (छाती अशी फुगली की मासे कापायचा एप्रन तंग झाला.) पण खालीच कुणा शहरी वकिलाचं म्हणणं होतं, की एकोणीस वर्षं गाईगुरांची आणि कुंपणांची भांडणं सोडवणारी बाई एवढ्या मोठ्या खुर्चीत काय दिवे लावणार? माझं डोकंच फिरलं. असे जज नेमताना सिनेटरचं मत घेतात म्हणे, म्हणून बसलो त्याला लिहायला. आपण कोण आणि बाईंना कसे ओळखता, ते लिहायचं असतं म्हणे. मी खरं ते लिहिलं: मी वेस, मासे कापतो, बाईंना ओळखतो कारण त्यांनी मला तेहेतीस दिवस आत टाकलं.

ते प्रकरण तुम्हाला ठाऊकच आहे. नाचाला जायचं होतं, रस्ता बर्फाने बंद, म्हणून मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक न विचारता नेला. बाईंनी चाळीस दिवस ठरवले. मी म्हटलं, जाताना सात मैल रस्ता तर साफ केला! सगळं कोर्ट हसलं. बाई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत स्वतःची गाडी काढून सात मैल जाऊन आल्या, आणि म्हणाल्या, "रस्ता साफ आहे. मैलाला एक दिवस कमी. पण टपालपेटी कुणाची उडवलीस?" ती पेटी मला आत जाण्याआधी बसवून द्यावी लागली. सांगा, मोठ्या शहरातला कुठला जज जेवण सोडून रस्ता बघायला जातो?

पुढची मजा ऐका. सिनेटरच्या ऑफिसातून आमच्या कारखान्यात फोन आला. आमचा फोरमन इसिद्रो फक्त "सरकारी फोन" एवढंच ओरडला आणि धाड पडली समजून निम्मी पाळी बर्फाच्या खोलीत जाऊन लपली. (दोघे अजून शिंकतायत.) फोनवरची बाई हसू दाबत म्हणाली, जजबाईंना ओळखणारे आणखी कुणी आहेत का तिकडे? होते ना! आपल्या काउंटीतले तिघं निघाले, तिघांनाही बाईंनीच आत टाकलेलं. सगळ्यांनी सह्या केल्या आणि सहीपुढे आपापले दिवस लिहिले. स्पर्धाच लागली. सगळ्यात वरची सही त्यांतल्या गोल्डीची, एकशे बारा दिवस. तो सांगत होता, "मी जगात चार जजांपुढे उभा राहिलो. नाव न चुकता घेणारी ही एकटीच."

आता पंधरा तारखेला बाईंची माहिती काढायला सरकारी चौकशीचा माणूस तुमच्याकडे येणार आणि तुम्ही त्याला शेजारच्या टॉलेफ्सनशी झालेल्या पाटाच्या पाण्याच्या खटल्याचं "सगळं ऐकवणार". मामा, हरलेल्या माणसाचं म्हणणं ते लोक जास्त मन लावून ऐकतात. तुमच्या दोन शब्दांनी बाईंचं होणारं काम अडेल. तेव्हा ऐकवाच, पण सगळं ऐकवा. गमबूट घालून त्या पाटात उतरल्या, पाटाच्या दारात हात घालून पाणी अडवायच्या फळ्या मोजल्या, हेही ऐकवा. मामीला नमस्कार, गाईला एक थाप.

तुमचा, नाक न कापणारा,
वेस

ता. क. तुम्ही निकालाचा कागद पहिल्या ओळीनंतर फाडलात. मी तुकडे जोडून वाचला होता. त्यात असं आहे: फळी ऑर्विलच्या बाजूने उचलली गेली, ऑर्विलनेच उचलली हे सिद्ध होत नाही, दार त्याच्या ताब्यातलं, म्हणून टॉलेफ्सनच्या भिजलेल्या गवताची भरपाई त्याने द्यावी. तुम्हाला खोटा बाईंनी म्हटलंच नाही. ते गावाने म्हटलं.

आणखी ता. क. फळी मी उचलली होती. चौदा वर्षांचा होतो, गळ तिच्याखाली अडकला होता. गळ निघाला, आणि फळी परत घालायची राहिली. तुम्ही रागाने लाल झालेले पाहून बोलायची हिंमत झाली नाही, आणि मग दर वर्षी ती आणखी कमी होत गेली. हे पान चौकशीच्या माणसाला दाखवा, टॉलेफ्सनलाही दाखवा, हवं तर चर्चच्या दारावर लावा. तुम्ही भरलेली भरपाई सोबत पाठवतोय: तीनशे पंच्याऐंशी डॉलर.